सरमेचा प्रश्न आणि आपली फरशी

महाभारताच्या अगदी आरंभी, कथेला अजून वेगही आलेला नसताना, एका कुत्र्याला मार बसतो. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत असतो. तिथे सरमेचे पिल्लू येते. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जाते. आईची पहिली प्रतिक्रिया लक्षात घेण्याजोगी आहे: तूच काहीतरी अपराध केला असशील. पिल्लू सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, त्याला जीभ लावली नाही. मग सरमा यज्ञस्थळी जाते आणि विचारते, याला का मारले? राजपुत्र काहीच बोलत नाहीत. सरमा शाप देते, जनमेजय अस्वस्थ होतो आणि शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधायला निघतो. प्रश्नाचे उत्तर मात्र कुणी देत नाही.

वर्गात आपण हा प्रसंग क्वचितच सांगतो. आपण सांगतो तो महाप्रस्थानिकपर्वातला कुत्रा, युधिष्ठिराच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला. तो अखेरीस साक्षात धर्म निघतो. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यात विठ्ठल असतो. दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद. आपल्या परंपरेला कुत्रा मान्य आहे, फक्त तो कुत्रा नसावा एवढी तिची अट आहे. सरमेचे पिल्लू हे नुसतेच पिल्लू. म्हणून बहुधा ते आपल्या टिपणवह्यांच्या बाहेर राहिले.

हे सारे आठवण्याचे निमित्त काही वाचकांना क्षुद्र वाटेल. पवनीत आमच्या परिचयातील एक घर आहे. घर वाङ्मयाच्या अध्यापकाचे, भिंतीभर पुस्तकांचे. त्या घरातला सात-आठ महिन्यांचा कुत्रा घरात लघवी करीत असे. एकदा चहाच्या वेळी विषय निघाला तेव्हा सरांनी निदान केले: "मुद्दाम करतो. मी कॉलेजातून यायची वेळ झाली की नेमका तेव्हाच. एकटं ठेवल्याचा सूड आहे हा." उपायही त्यांनी सांगितला. मान धरायची, नाक त्या ओलीवर घासायचे आणि दोन रट्टे द्यायचे. "आणि त्याला कळतं बरं का," ते पुढे म्हणाले, "मी दार उघडलं की कान पाडून कोपऱ्यात जातो. अपराधी माणसासारखा." दिवाळीनंतर तो कुत्रा दिसेनासा झाला. विचारले, तर उत्तर मिळाले की वैनगंगेच्या पलीकडे सोडून दिला, सुधरत नव्हता. हे सांगताना सरांच्या आवाजात अपराधाची छटासुद्धा नव्हती. ज्याला मार बसला त्याच्या चेहऱ्यावर अपराध वाचणारा माणूस स्वतःच्या कृतीत तो वाचू शकला नाही, हे मला त्या कुत्र्याच्या लघवीपेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे: घरात लघवी करणाऱ्या कुत्र्याची समस्या मुळात वाचनाची समस्या आहे, आणि ज्यांचा व्यवसायच वाचनाचा आहे असे आपण लोक ती सर्वांत वाईट रीतीने सोडवतो.

विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूवर विसंबणाऱ्या समीक्षेला जो आक्षेप घेतला, तो आपण वर्षानुवर्षे वर्गात समजावून सांगतो. संहितेत जे नाही ते लेखकाच्या मनात होते असे म्हणून तिच्यावर लादू नका, असे विद्यार्थ्यांना बजावतो. घरी येतो, फरशीवर वीतभर ओल दिसते, आणि क्षणात आपल्याला तिच्या कर्त्याचा हेतू, पूर्वग्रह, वैर, कारस्थान सगळे स्वच्छ दिसू लागते! शाळेच्या पुस्तकातला चेतनगुणोक्ती अलंकार निर्जीवावर सजीवाचे गुण लादतो. त्यात कुणाला इजा होत नाही. इथे सजीवावर फौजदारी कट लादला जातो आणि शिक्षाही लगेच अमलात येते. सूड घ्यायचा तर कालचा अन्याय आठवायला हवा, उद्याची माझी चीड कल्पनेत आणायला हवी, आणि मूत्र ही माणसाला किळसवाणी वाटणारी वस्तू आहे हेही ठाऊक हवे. शेवटची गोष्ट तर कुत्र्याला ठाऊक असणे शक्यच नाही. त्याच्या जगात मूत्र किळसवाणे नसतेच. ती वाचण्याची गोष्ट असते. विजेच्या खांबापाशी तो आपल्याला ताटकळत ठेवतो तेव्हा तो नेमके हेच करीत असतो, आणि आपल्यापेक्षा अधिक सावधपणे.

भाषेने आधीच निकाल देऊन ठेवला आहे, हाही भाग आहे. मूल अंथरुणात 'शू करते'. कुत्रा 'घाण करतो'. 'मुतणे' हे सरळ, जुने क्रियापद आपण छापील मजकुरातून हद्दपार केले आणि त्याच्या जागी 'घाण' हे नाम आणले, ज्यात क्रिया नाही, फक्त दोषारोप आहे. मुलाला शू सांगायला शिकवण्यासाठी दोन-अडीच वर्षे आपण हसत घालवतो, आजीपासून सगळे घर त्या कामाला लागते. पिल्लाला चार दिवस देतो.

'अपराधी चेहऱ्या'विषयीही बोलले पाहिजे, कारण सगळ्या खटल्यात पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक आहे. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. त्याच्या माघारी काय घडले याबद्दल त्याला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे ही सारी लक्षणे कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की नाही यावर होती. आज्ञा पाळलेल्या, तरीही बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर ती अधिकच ठळक होती. म्हणजे आमच्या सरांचा कुत्रा कोपऱ्यात जात असे तो केलेल्या कृत्याच्या जाणिवेने नव्हे. दार उघडणारा माणूस आणि जमिनीवरची ओल या दोन गोष्टी एकत्र आल्या की मार बसतो, एवढे तो शिकला होता. ओल कुणाची, ती केव्हाची, हा प्रश्न त्याच्या ज्ञानात येतच नाही. अपराधाची कबुली म्हणून आपण जे वाचले ते भीतीचे लेखन होते, आणि ते आपणच लिहिले होते.

इथे मला स्वतःविषयी सांगावे लागेल, नाहीतर हे सगळे वरच्या आसनावरून केलेले प्रवचन होईल. आमच्याकडे तांबी नावाची गावठी कुत्री आहे. पहिल्या दोन महिन्यांत मीही तिच्यावर वर्तमानपत्राची सुरळी चालवली आहे. परिणाम असा झाला की ती समोरच्या खोलीत लघवी करायची थांबली आणि कपाटामागे करू लागली. मी तिला लबाड ठरवले. सकाळी अर्धा-अर्धा तास तिला परकोटाच्या बाजूने हिंडवून आणायचो, ती एक थेंब करायची नाही; घरी येऊन साखळी काढली, मी पाठ वळवली, की कपाटामागे. मग तर माझी खात्रीच पटली की ही सूड घेते आहे. खरे काय होते ते एका पशुवैद्याने दोन वाक्यांत सांगितले. घरात लघवी करू नये, हे मी तिला शिकवलेच नव्हते. माणसाच्या देखत लघवी करणे धोक्याचे आहे, हे शिकवले होते आणि ती ते उत्तम शिकली होती. साखळीच्या दुसऱ्या टोकाला मीच उभा असताना ती बाहेर तरी कशी करणार? ज्याला मी लबाडी म्हणत होतो ती माझ्याच पाठाची तंतोतंत उजळणी होती. परीक्षकाने पेपर तपासताना स्वतःच्याच चुकीच्या नोट्स ओळखू नयेत, त्यातला प्रकार.

बाकी कारणे पाहिली तर त्यांत मनाचा संबंध फार थोडा आणि शरीराचा किंवा जागेचा फार मोठा असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय दिवसा दोन-तीन तासांपलीकडे तग धरत नाही. त्याला सकाळी दहाला कोंडून पाचला जाब विचारणे हे शरीरशास्त्राशी भांडण आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, म्हातारपण, मादीत नसबंदीनंतर कधीकधी येणारा सैलपणा, ही सगळी आधी डॉक्टरकडून तपासून घेण्याची कारणे. इतके दिवस नीट वागणारा कुत्रा अचानक घरात करू लागला तर आधी हीच. काही कुत्रे आपण त्यांच्यावर वाकलो की तिथेच सोडतात. ती शरणागती असते, आणि तीबद्दल मारले तर अर्थातच ती वाढते. वयात आलेला नर दाराच्या चौकटीवर तंगडी वर करतो तो वेगळा मजकूर. नसबंदीने तो बऱ्याच नरांत कमी होतो. फटाके हे आणखी एक कारण.

पण मला विस्ताराने बोलायचे आहे ते जमिनीविषयी, कारण त्यावर कुणी बोलत नाही. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचे होईपर्यंत विसर्जनाच्या वेळी त्याच्या पायाखाली जे लागते, माती, गवत, सिमेंट, तेच त्याला पुढे 'जागा' म्हणून ओळखीचे होते. पवनीच्या परकोटाच्या आतली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल: मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, पुढे सारवलेले अंगण, मागे परसात मोकळी माती. त्या घरातल्या कुत्र्याला कुणी काही शिकवले नाही आणि शिकवावेही लागले नाही. तो ओसरीच्या पायरीशी असे, माती त्याच्या चार पावलांवर असे. गेल्या काही वर्षांत घराला टाइल्स आल्या, अंगणाला पेव्हर ब्लॉक आले, गल्लीला सिमेंटचा रस्ता आला, आणि कुत्रा मात्र ओसरीवरून उचलून दिवाणखान्यात आणला गेला. आता त्याने आतले गुळगुळीत सिमेंट आणि बाहेरचे खरखरीत सिमेंट यांत धर्म-अधर्म ओळखावा अशी आपली अपेक्षा आहे. उंबरठा ही कल्पना आपली आहे. साहित्यात तिने केवढे काम केले आहे हे आपल्याला माहीत आहे; पण ती लाकडाच्या पट्टीत नसते, ती शिकवावी लागते. सुनेलाही शिकवलीच होती.

शिवाय आपण ती ओल फिनाइलने पुसतो. फिनाइलचा उग्र वास आपल्या नाकापुरता असतो. मूत्रातले यूरिक आम्ल मागे उरते, आणि कुत्र्याच्या नाकाला ती जागा 'इथेच' असे सांगत राहते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी ज्या गावच्या टेकड्या थराथराने उकरल्या, मातीच्या रंगातला फरकही नोंदवला आणि मग कुठे स्तूपाविषयी विधान केले, त्या गावात राहून आपण एका डागावरून एका मिनिटात चारित्र्यप्रमाणपत्र देतो. असो.

दुसरी विसंगती याहून जवळची आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या दाराशी आहे. नागझिऱ्याहून इकडे आलेला आणि २०१६ मध्ये नाहीसा झालेला 'जय' वाघ जेव्हा इथे होता, तेव्हा त्याला पाहायला लोकांची रीघ लागे. वाघ शेपूट उंचावून झाडाच्या बुंध्यावर मूत्राचा फवारा मारतो तेव्हा जीपमधल्या माणसांचा श्वास थांबतो, कॅमेरे उचलले जातात, आणि मार्गदर्शक हळू आवाजात सांगतो की ही त्याची सही आहे, ही त्याची हद्द आहे. तीच माणसे संध्याकाळी घरी परतून दाराच्या चौकटीवरची सही पाहतात आणि चप्पल शोधतात. राजाची ती मुद्रा, दारच्या प्राण्याची ती घाण!

याच पट्ट्याने मराठीला प्राणी पाहायला शिकवले, म्हणून हे अधिक लागते. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला येऊन राहिले आणि त्यातून 'नागझिरा' लिहिले गेले. मारुती चितमपल्लींची नवेगावबांधची वर्षे मराठी निसर्गलेखनाची वर्षे ठरली. दोन्ही जागा तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या. माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरे एकमेकांना मारतात, पिल्ले मरतात, आणि लेखक कुणालाही दुष्ट ठरवत नाही. तो पाहतो आणि सांगतो. आपण ती कादंबरी शिकवतो, तिच्या तटस्थतेवर दहा गुणांचा प्रश्न काढतो. त्या तटस्थतेतली शतांश जरी घरातल्या प्राण्याच्या वाट्याला आली असती तर नदीपलीकडे एक कुत्रा कमी गेला असता. पु. ल. देशपांड्यांच्या 'पाळीव प्राणी'त थट्टा आहे, पण तीही प्राण्याइतकीच, किंबहुना अधिक, मालकांची आहे. ते आपण सोयीस्करपणे विसरलो.

आता त्या म्हणीकडे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शेपटाबद्दल ती खरी असेल. तिचा उपयोग मात्र शेपटाबद्दल कुणी करीत नाही. ज्याला शिकवण्याचे कष्ट नको असतात तो ती वापरतो. मागच्या बाकावरच्या मुलांबद्दल, विशिष्ट वस्तीतल्या मुलांबद्दल ही म्हण स्टाफरूममध्ये मी ऐकली आहे. तिच्या जोडीला 'जातिवंत' हा शब्द येतो. लॅब्राडॉर जातिवंत, म्हणून शिकतो. गावठी तो गावठीच. तोंडात हा शब्द इतका सहज येतो की त्यात आपण काय बोलून गेलो हे लक्षातही येत नाही. जन्मावरून शिकण्याची पात्रता ठरवणारी व्यवस्था आपण माणसांच्या बाबतीत निदान भाषणात तरी नाकारली. कुत्र्यांच्या बाबतीत ती बिनदिक्कत चालते, आणि तिथे तिचा सराव होत राहतो. मूत्राशय आवरणे याला वंशावळीची गरज नसते. तांबीचा बाप कोण हे गल्लीत कुणालाही सांगता येणार नाही.

अध्यापकांशी मला वेगळे भांडायचे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या, २००९ च्या, सतराव्या कलमाने वर्गातली छडी गेली. गेली ती बरी गेली, असे आपण चर्चासत्रांत म्हणतो. भीतीने विद्या येत नाही, भीतीने फक्त लपवाछपवी येते, हे बालमानसशास्त्राचे सूत्र आपल्याला पाठ आहे. मग तेच सूत्र स्वतःच्या ओसरीवर का मोडते? कायदा इथेही आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम प्राण्याला मारणे आणि उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, दोन्ही गुन्हा ठरवते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. चहा-समोशाच्या भावात क्रौर्य मिळते म्हटल्यावर कोण थांबणार? रामायणाच्या उत्तरकांडातील प्रक्षिप्त सर्गांत याहून कडक शिक्षा सुचवली आहे. तिथे मार खाल्लेला कुत्रा रामाच्या दरबारात दाद मागतो, आणि मारणाऱ्या ब्राह्मणाला कालंजर येथे कुलपती नेमावे अशी मागणी करतो! या कथेवर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो; कुलपती या पदाचा आजचा अर्थ वाचकांना ठाऊक आहे.

यावर अपेक्षित आक्षेप असा की हे शहरी लाड आहेत. कुत्रा अंगणातलाच बरा, त्याला घरात घेतलाच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. ज्यांच्या घरी दिवसभर कुणी नसते, ज्यांना पहाटे उठणे जमत नाही, त्यांनी पिल्लू आणू नये. मुलांच्या हट्टाला हेच उत्तर द्यावे. पण आणल्यावर, आठ महिने पलंगाखाली झोपवल्यावर, 'कुत्र्याची जागा बाहेर' हे तत्त्वज्ञान सुचणे ही विचारधारा नव्हे, पळवाट आहे. नदीपलीकडे सोडलेला घरातला कुत्रा मोकळा होत नसतो. तिथल्या कुत्र्यांच्या हद्दी आधीच लिहिलेल्या असतात.

उपाय मी शेवटी लिहितो आहे, कारण ते इतके साधे आहेत की त्यांनी लेख सुरू केला असता तर कुणी पुढे वाचले नसते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, आणि पिल्लू लहान असेल तर दर तास-दोन तासांनी, एकाच ठरलेल्या जागी न्यायचे. ती जागा मातीची असली तर उत्तम. पेव्हर ब्लॉकच काढता येत नसतील तर एका कोपऱ्यात माती भरलेली पसरट घमेली ठेवली तरी चालते. उभे राहायचे, बोलायचे नाही. झाले की तिथल्या तिथे, घरात परतल्यावर नव्हे, खाऊ द्यायचा; दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी बक्षीस कशाचे हे त्याला कळत नाही. लक्ष ठेवता येणार नसेल तेव्हा सगळे घर मोकळे सोडायचे नाही. आत झालेच तर काही न बोलता पुसायचे, आणि फिनाइलऐवजी एन्झाइम असलेला क्लीनर वापरायचा. करताना दिसला तर ओरडायचे नाही, उचलून बाहेर न्यायचे. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात शिक्षेवर आधारलेल्या पद्धती सरसकट बाद केल्या आहेत. पण आमच्या घराने त्या कपाटामागच्या कोपऱ्यामुळे बाद केल्या. मी बिघडवलेले दुरुस्त व्हायला साडेतीन महिने लागले. पहिले तीन आठवडे मी साखळीऐवजी लांब दोर बांधत असे आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहत असे, म्हणजे तिला माझे डोळे दिसू नयेत.

यंदा श्रावणात सलग चार दिवस झड लागली होती. तांबीला पाऊस आवडत नाही. छत्री तिच्यावर धरून मी गल्लीच्या टोकाशी, जिथे मूठभर माती अजून उरली आहे, वीस मिनिटे भिजत उभा होतो. अखेर तिने केले आणि मी खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून तिला दिला. समोरच्या ओसरीवर बसलेले म्हातारे शेजारी हे सगळे पाहत होते.

"का जी सर," त्यांनी विचारले, "मुतल्याचं बक्षीस देता का?"

मी हो म्हणालो. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "आमाले तर कोणी देल्लं नाही."